मस्कतचा चौक कसा मोडला

गेल्या जानेवारीत मी आठ दिवस ओमानला जाऊन आलो. परत आल्यावर ज्यांनी "काय पाहिलंत?" म्हणून विचारलं, त्यांना मी किल्ले, समुद्र आणि खजुराच्या बागा असं सांगितलं. ते खोटं नाही, पण मी गेलो होतो एक वाक्य दुरुस्त करायला. ते काम झालं. गेल्या दहा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटतंय, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आधी थोडी मागची हकीकत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मस्कतजवळ, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पावर सहा वर्षं इंजिनियर होतो. तेव्हा तिथल्या तेल कंपन्यांतले अमेरिकन लोक बुधवारी संध्याकाळी क्लबात जमून स्क्वेअर डान्स करायचे. गुरुवार-शुक्रवार सुटी, म्हणून बुधवार. चार जोडपी चौकोनाच्या चार बाजूंना उभी राहतात, एक जण माइकवर ठेक्यात हाका देतो, आणि हाक येईल तसं नाचायचं. आपल्याकडे टिपऱ्यांचे किंवा लेझमीचे हात ठरलेले असतात, सरावाने ते अंगात बसतात. इथे पुढे काय येणार ते फक्त हाका देणाऱ्याच्या डोक्यात असतं. आठांतला एक जरी चुकला तरी चौक मोडतो आणि आठही जण एकमेकांना शोधत बसतात.

हळूहळू अमेरिकन मायदेशी परतायला लागले, चौक भरेनात. मग डेल नावाच्या त्यांच्या हाका देणाऱ्याने आम्हा हिंदुस्थानी इंजिनियर लोकांना बोलावलं. माझा मित्र दिनकर परब पहिल्यांदा गेला तो तिथे फुकट मिळणाऱ्या सँडविचांसाठी, हे तो स्वतःच सांगतो. मग त्याने आम्हाला ओढलं. अमेरिकन बायका झालरीचे फ्रॉक घालत. आमच्या बायकांनी त्याला साफ नकार दिला आणि नवरात्रातले घागरे काढले. डेल म्हणाला, याहून चांगला पोशाख मी टेक्सासमध्येही पाहिला नाही.

अमेरिकेत या नाचाचे मेळावे होतात, तिथे हार-जीत नसते, असं डेल सांगायचा. पण आखातात दोन गावची माणसं एकत्र आली की कप लागतोच. बहारीन, दोहा, अबुधाबी, दुबई आणि मस्कत यांची दरवर्षी स्पर्धा सुरू झाली. नियम एकच. हाका भराभर वाढत जाणार, ज्यांचा चौक मोडेल त्यांनी खाली बसायचं, शेवटी उभा राहील तो चौक पहिला. पहिल्या वर्षी आम्ही नुसते पाहायला गेलो. दुसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांत आधी बसलो. तिसऱ्या वर्षी तिसरे आलो. चौथ्या वर्षी स्पर्धा मस्कतला होती. शेवटी दोनच चौक उभे होते, बहारीन आणि आम्ही. आमचा मोडला.

मी आमच्या मंडळाचा कार्यवाह होतो. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं: "अंतिम फेरीत सौ. वाघमारे यांचा पाय घसरून तोल गेल्याने मस्कतचा चौक मोडला."

सौ. वाघमारे यांचा पाय घसरला नव्हता. चौक मी मोडला होता. अहवाल लिहून चार महिन्यांनी मी नोकरी सोडून पुण्याला आलो.

गेल्या दिवाळीत परबचा फोन आला. "यंदा स्पर्धा परत मस्कतला आहे. स्मरणिका काढतोय. आपल्या चौकाचा इतिहास तूच लिहायचा. जुनी वही माझ्याकडे आहे, पण तुझं अक्षर आम्हाला लागत नाही."

फोन ठेवला तेव्हा शैला, माझी बायको, समोर भाजी निवडत होती. त्या दिवशी चौकात ती माझ्या उजव्या हाताला उभी होती, सगळं तिने पाहिलं होतं. ती म्हणाली, "जा तुम्ही. मी नाही येणार. हे तुमचं तुम्ही निस्तरा."

अल हैल

परब विमानतळावर आला होता. आम्ही दोघं एकाच वयाचे, पण त्याचे केस अजून काळे आहेत आणि ते खरे आहेत की काय हे त्याने मला आठ दिवसांत सांगितलं नाही. माझ्याशी तो मुंबईचं मराठी बोलतो, मात्र आनंद किंवा राग अनावर झाला की मालवणीत शिरतो. "इलंस मरे एकदाचो," म्हणून त्याने मला मिठी मारली.

अल हैलला समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्याचं घर आहे. आमच्या वेळी इथे नुसती वाळू आणि बाभळी होत्या. आता पांढऱ्या घरांच्या रांगा, प्रत्येक गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या थाळ्या. सकाळी फिरायला गेलो तर समोरून येणाऱ्या चार माणसांपैकी दोघं मराठी निघाली. परबच्या शेजारची मुलं सायकली घेऊन इंग्रजीत भांडत होती. त्यांतल्या एकीने मला मोडक्या मराठीत "काका, तुम्ही कुणाला शोधतो?" असं विचारलं. ती इतक्या आपुलकीने बोलली की मला बरं वाटलं.

पहिले दोन दिवस सकाळी मी गच्चीवर वही घेऊन बसलो. इतिहास बाजूलाच राहिला. मी माफीचं लिहीत होतो. दोन पानं भरली. त्यात मी पाप, टोचणी, अक्षम्य असे बरेच शब्द वापरले होते, आणि चूक का झाली त्याचं कारणही दिलं होतं. या नाचात एक हाक आहे, अलेमांड लेफ्ट. परब तिला बदाम लेफ्ट म्हणायचा. ती हाक आली की पुरुषाने डावीकडे उभ्या असलेल्या बाईचा डावा हात आपल्या डाव्या हातात घेऊन एक गिरकी घ्यायची. आपल्याकडे प्रसादाला, दक्षिणेला, कुणाच्या हातात काही द्यायला डावा हात पुढे करत नाहीत. ओमानी लोकही त्या बाबतीत आपल्याइतकेच काटेकोर. त्या दिवशी वाघमारेवहिनी पहिल्यांदाच माझ्या डावीकडे उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि माझा डावा हात आपोआप मागे गेला. संस्कार आडवे आले, असं मी लिहिलं होतं. दहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो.

अल मवालेह

तिसऱ्या दिवशी परब मला मवालेहच्या घाऊक बाजारात घेऊन गेला. शुक्रवारी आम्ही वाघमाऱ्यांकडे खाबुऱ्याला जाणार होतो आणि रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. पहाटे इथे इराणचे टरबुजांचे ट्रक, सलालाची केळी, बातिनाच्या किनारपट्टीतल्या मळ्यांतली लिंबं येतात. बारीक, पातळ सालीची ती लिंबं हातात घेतली की वास दुपारपर्यंत जात नाही. परब बंगाली विक्रेत्याशी हिंदीत, मालकाशी अरबीत आणि स्वतःशी मालवणीत भाव करत होता. भाव जमेना की तो पाठ फिरवून चार पावलं जायचा. "यल्ला, खलास," म्हणून मागून हाक आली की परतायचा. शेवग्याच्या शेंगा, भेंडी, एक पेटी संत्री, एक पेटी लिंबं. माल गाडीच्या डिकीत मावेना म्हणून त्याने काहीतरी काढून ओळखीच्या एका गाळेवाल्याकडे ठेवलं. मी लक्ष दिलं नाही.

बाजारातल्या चहाच्या टपरीवर मी विषय काढला.

"वाघमारेवहिनी कशा आहेत?"

"त्यांच्याशिवाय तुझा इतिहास पुरा व्हायचा नाही. सगळी वर्षं त्यांच्या तोंडात आहेत." परबने चहात पाव बुडवला. "बिचारीला आम्ही लई पिडलं पण. तू गेलास, मग वर्षभर आमचं सुरू. वहिनी, ब्रेक तपासून आलात ना? वहिनी, चप्पल कुठल्या कंपनीची? बहारीनच्या बायकासुद्धा विचारायच्या, पाय कसा आहे आता."

"त्या काही म्हणाल्या नाहीत?"

"काय म्हणणार? वहीत होतं की लिहिलेलं. मी काय त्या दिवशी हॉलवर होतो? पोरगा तापाने फणफणला होता म्हणून तर वाघमाऱ्यांना आमच्या जागी उभं केलंत."

हे खरं होतं. नेहमी माझ्या डावीकडे परबची बायको असायची. वाघमारे नवरा-बायको राखीव जोडपं होतं. मी चहा तसाच ठेवला. एका वाक्यामुळे कुणाची वर्षभर चेष्टा झाली असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी फक्त माझं नाव वाचवलं होतं. पुढे त्या वाक्याचं काय होतं ते पाहायला मी तिथे नव्हतोच.

बातिनाचा रस्ता

शुक्रवारी निघण्याआधी परबने गाडी धुतली, कारण मस्कतमध्ये गाडी मळकी असली तर पोलीस दंड करतात. पुण्यात हा नियम लागू झाला तर आम्ही सगळे पायी फिरू. रस्ता सरळ वायव्येला जातो. उजवीकडे समुद्र असतो पण तो दिसत नाही, मध्ये खजुरांच्या आणि लिंबांच्या बागा. डावीकडे लांबवर करडे, उघडे डोंगर. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक मोठा गोल चौक आणि त्यात काहीतरी उभारलेलं असतं, कुठे कॉफीची भलीमोठी सुरई, कुठे होडी.

सुवैकच्या पुढे टायर बसला. परबने डिकी उघडली, पेट्या उतरवल्या आणि तो थांबला. मवालेहला जागा करण्यासाठी त्याने जे काढून ठेवलं होतं, तो जॅक होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या पेटीवर बसलो. शुक्रवारची दुपार, नमाजाची वेळ, रस्ता रिकामा. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर परबला ते खाबुऱ्याला वहिनींच्या देखतच पहिल्यांदा कळेल, त्याचा धक्का त्यांनाच सावरावा लागेल, आणि ते वहिनींवर दुसऱ्यांदा अन्याय केल्यासारखं होईल. मी त्याला सगळं सांगितलं.

परबने समोरच्या बागेकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "ह्यां बरां नाय केलंस तू, लिमया."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे रे. मला नव्हतं ना. तुझं खोटं मी माझ्या तोंडाने वर्षभर बोललो. हसत हसत बोललो." तो उठून टायरपाशी गेला, काही करण्यासारखं नव्हतं तरी उकिडवा बसला आणि माझ्याकडे पाठ करून राहिला.

थोड्या वेळाने नमाज सुटली आणि बागेतून एक म्हातारा ओमानी बाहेर आला. पांढराशुभ्र झगा, डोक्याला नक्षीची टोपी, हातात काठी. त्याच्या पिकअपमध्ये जॅक होता. पण आधी कॉफी, मग जॅक, असा त्याचा क्रम होता आणि तो बदलणारा नव्हता. लिंबाच्या झाडाखाली चटई पडली, खजुरांचं ताट आलं. वेलदोड्याची बिनसाखरेची कडू कॉफी कानाएवढ्या कपात दोन घोट ओततात. मी कप दिला, त्याने भरला. मी पुन्हा दिला, त्याने पुन्हा भरला. आपल्याकडे यजमान आग्रह करतो आणि पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. इथे नको असेल तर कप हातात दोनदा हलवून द्यायचा असतो. सहा वर्षं राहून मी ते विसरलो होतो. परबला ते पुरतं आठवत होतं. आपला कप हलवून ठेवून तो मला शांतपणे पाहत बसला. सातव्या कपानंतर म्हाताऱ्याने त्याला अरबीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, तुझ्या दोस्ताला घरी पाणी मिळत नाही का." परब पहिल्यांदा किंचित हसला. "हलव आता कप. पुरे झाली शिक्षा."

टायर बदलून झाल्यावर म्हाताऱ्याला संत्री द्यायला गेलो तर त्याने घेतली नाहीत. उलट आमच्या लिंबांच्या पेटीत आपली लिंबं ओतून ती शीग लावून भरून दिली.

खाबुरा

वाघमाऱ्यांचं घर समुद्राच्या बाजूला, एका शेतमळ्याच्या कडेला आहे. ते रस्त्यांच्या कामावर इंजिनियर आहेत. कुंपणावर दुधी चढवलेला, दाराशी कढीपत्ता. बैठकीत बुद्धाची पितळी मूर्ती, खाली एका कपाटात कॅसेटी आणि कप. कप मोजले नाहीत, पण एका कपाटात मावत नव्हते, दोन फ्रीजवर होते.

"या लिमये भावजी," वहिनी म्हणाल्या. पन्नाशी आली असेल, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. मुलांच्या शिकवण्या घेतात, तसा धाक आवाजात आहे. "केस गेले की सगळे."

"सगळे नाही अजून."

"बसा. सुरमई केलीय. खाता ना आता? पूर्वी आमच्याकडे जेवायचं ठरलं की तुमच्या घरी कुणीतरी आजारी पडायचं."

त्यांनी हे हसून म्हटलं, पण म्हटलं. मी मस्कतमध्ये इतर सगळ्यांकडे मासे खायला शिकलो होतो. त्यांच्याकडे सहा वर्षांत एकदाही जेवलो नव्हतो. जेवायच्या आधीच मी खिशातली दोन पानं काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"हे स्मरणिकेसाठी आहे. चौथ्या वर्षाचं. आधी तुम्ही वाचावं."

त्यांनी चष्मा लावला. वाघमारे समोर आरामखुर्चीत संत्रं सोलत होते, ते थांबले. परब दाराशी उभा राहिला, जणू त्याला पळायचं होतं. वहिनींनी दोन्ही पानं सावकाश वाचली. मग पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, डावा हात म्हणून मागे घेतला."

"हो. तेव्हा मला तसंच वाटलं."

"परबवहिनींना दोन वर्षं कुठला हात देत होतात?"

मी त्यांच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

"दर बुधवारी मी समोर खुर्चीवर बसून बघायचे. राखीव माणसाला दुसरं काम काय? हाक आली की तुमचा डावा हात सगळ्यांत आधी पुढे यायचा. डेल तुमचं उदाहरण द्यायचा."

"डावाच देत होतो."

"मग?"

"मग ते कारण नव्हतं," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. दहा वर्षं ते माझ्या आत होतं आणि मी त्याच्याभोवती संस्कार वगैरे शब्दांचं कुंपण घालत होतो. वहिनींचा हात पुढे आला तेव्हा मला काय वाटलं, ते विचार करण्याइतका वेळ नव्हताच. पण विचार न करता जे झालं तेच खरं मी होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं की त्यांना कळलंय. तेव्हाही हात पुढे करता आला असता. डेलने पुढची हाक दिली नव्हती. मी उजवा हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, आणि चौक फुटला. जातीचं नाव मी तेव्हाही मनात घेतलं नव्हतं. ते न घेता सगळं करता येतं, हे मला आता समजतं. हे सगळं मी त्या दिवशी इतकं नीट बोललो नाही, तुटक बोललो. पण बोललो.

वाघमारे म्हणाले, "त्या दिवशी गाडीत ही मला म्हणाली, त्यांनी हात ओढला. मी म्हटलं, चुकलं असेल, माणूस घाबरतो. तुमची बाजू घेतली होती मी लिमयेसाहेब. दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही."

"तीन," वहिनी म्हणाल्या.

"मग तुमचा अहवाल आला."

परब दारातून म्हणाला, "वहिनी, ते ब्रेकचं आम्ही जे..."

"परब भावजी, तुमचे ब्रेक जेवताना काढा. आत्ता यांचं चाललंय."

त्यांनी टेबलावरचं तांबडं पेन घेतलं. शिकवणीच्या वह्या तपासायचं. पहिलं पान वरपासून खालपर्यंत एका रेघेत काढून टाकलं. दुसऱ्या पानावर थोड्या रेंगाळल्या आणि तेही काढून टाकलं.

"अक्षम्य, पाप, टोचणी... हे स्मरणिकेत कशाला? लोक जाहिरातींच्या मधून वाचणार. एका बाजूला सोनाराची जाहिरात, एका बाजूला तुमची टोचणी."

"मला माफी मागायची होती."

"मागितलीत की. ती माझ्यापाशी राहू दे. तिचं काय करायचं ते मी बघेन, सवडीने." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "इतिहासात जे झालं तेवढं लिहा. एक ओळ. आणि कारण घालू नका. कारण लिहिलंत की लोक तुमच्याबद्दलच बोलत बसतील."

मी लिहिलं. त्यांनी "दुर्दैवाने" हा शब्द खोडला, बाकीचं ठेवलं.

मग आम्ही जेवलो. सुरमईचं कालवण, ज्वारीची भाकरी, मवालेहची भेंडी. मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानातून आणलेल्या पिठाची भाकरी पुण्यातल्या माझ्या घरच्यापेक्षा पातळ होती. मी किती खाल्लं ते सांगत नाही. परबने सांगितलं, सगळ्यांना, वाढतानाच.

जेवताना मी विचारलं, कारण खरी भीती तीच होती. "त्यानंतर तुम्हाला पुन्हा चौकात घेतलं ना? माझ्या वाक्यामुळे तुम्ही..."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसायला लागल्या. "भावजी, तुम्ही समजता काय? तुम्ही गेल्यामुळे चौकात एक जागा झाली. ती आम्हाला मिळाली, आणि आमच्या राखीव जागी एक गोव्याचा मुलगा आणि त्याची बायको आले. जागा भरायला एक आठवडा लागला. आम्ही दोघं पक्के झालो. पुढच्या वर्षी दुबईला आम्ही पहिले."

"आणि मग डेल अमेरिकेला परतला," वाघमारे म्हणाले.

डेल गेल्यावर हाका द्यायला कुणी उरलं नाही. वर्षभर त्यांनी अमेरिकेतून मागवलेल्या कॅसेटींवर सराव केला. पण कॅसेटीतल्या हाका पाठ होतात, मग नाचात काही राहत नाही, कवायत होते. एका बुधवारी वहिनींनी कॅसेट बंद केली आणि माइक हातात घेतला.

"पहिल्या हाकेला आवाज फाटला माझा. पण पाय हलले लोकांचे. राखीव म्हणून बसले होते ना दोन वर्षं, मला आठही जागा पाठ होत्या. नाचणाऱ्याला स्वतःची एकच जागा ठाऊक असते." त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली. "आता इंग्रज, फिलिपिनो, लंकेचे, आपले, सगळे येतात. बँकेचे मॅनेजर असतात. मी डावा म्हटलं की डावा. माझ्या चौकात कुणाला निवड नाही."

परब म्हणाला, "बहारीनवाले तिला मॅडम म्हणतात. आम्ही घाबरून काहीच म्हणत नाही."

मला तेव्हा जे वाटलं ते थोडं लाजिरवाणंही होतं. मी दहा वर्षं अशी समजूत करून घेतली होती की माझ्यामुळे एका बाईचं नाचणं संपलं. त्या समजुतीत अपराध होता तसा मोठेपणाही होता. मी इतका महत्त्वाचा नव्हतो. माझ्या चुकीने त्यांना एक वर्ष त्रास झाला, तो खरा आणि तो माझा. पण त्यांचं आयुष्य मी अडवलं नव्हतं. ते माझ्या शेजारून पुढे निघून गेलं होतं. हे कळून कुणाला इतकं हलकं वाटेल यावर माझा विश्वास बसला नसता.

दुपारी आम्ही सगळा इतिहास बसून पुरा केला. वहिनी सांगत होत्या, मी लिहीत होतो, वाघमारे जुने फोटो पाहून नावं लावत होते. परब झोपला. ऊन उतरताना समुद्रावर जाऊन आलो. कोळी जाळी ओढत होते, वाळूवर लहान मासे वाळत घातले होते आणि एक बकरी ते खात होती. मासे खाणारी बकरी मी ओमानशिवाय कुठे पाहिली नाही.

परत आल्यावर वहिनी म्हणाल्या, एकदा मोठ्याने वाचून बघू, कानाला खटकतं ते डोळ्याला दिसत नाही. त्यांनी कागद घेतला, उभ्या राहिल्या, आणि माइकवर हाका देतात तशा एका लयीत वाचायला लागल्या. प्रत्येक वर्षाला एक श्वास.

"पहिल्या वर्षी मस्कतहून आठ जण प्रेक्षक म्हणून गेले. दुसऱ्या वर्षी मस्कतचा चौक प्रथम बसला. तिसऱ्या वर्षी तिसरा क्रमांक."

आता माझी ओळ येणार होती. वाघमाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"चौथ्या वर्षी अंतिम फेरीत श्री. लिमये यांनी हात मागे घेतल्याने मस्कतचा चौक मोडला. पाचव्या वर्षी, दुबई, मस्कतचा चौक शेवटपर्यंत उभा राहिला."

त्या थांबल्या नाहीत. आवाज चढला नाही की उतरला नाही. माझी ओळ आली आणि गेली. त्या सहाव्या वर्षाला पोचल्या होत्या. सातव्या वर्षापाशी त्यांनी हाका देणाऱ्या म्हणून स्वतःचं नाव वाचलं आणि मला म्हणाल्या, "इथे स्वल्पविराम हवा."

मी स्वल्पविराम दिला.